उजव्या भिंतीपाशी दहावा

१

माझ्यावर कोणीच विश्वास ठेवला नाही. नवऱ्याने नाही, सासूने नाही, मैदानावरच्या त्या पिवळ्या टोपीवाल्या बाईने नाही. कॅन्ससमधल्या डॉक्टरने तर माझ्या डोळ्यात बॅटरी मारली, वेंडेलला कोपऱ्यात घेतलं आणि हळूच विचारलं, "घरीसुद्धा यांना असं होतं का?" अहो, मी बहिरी नाही. इंडियानातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात मी एकोणीस वर्षं तीनशे पोरांचं ताट वाढते. कोणतं पोर रांगेत दुसऱ्यांदा घुसलंय, ते मला मान वर न करता कळतं. आठवीनंतर माझी शाळा सुटली हे खरं आहे. पण नऊ आणि दहा यांतला फरक कळायला कॉलेज लागत नाही.

वेंडेल माझा नवरा. त्याच शाळेची बस चालवतो. दहा महिने दुसऱ्यांची पोरं नेतो-आणतो, आणि सुट्टीतही ह्याला गाडीच चालवायची असते. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात देशातली बेसबॉलची मोठी मैदानं तीस झाली, तेव्हा ह्याने स्वयंपाकघरातल्या भिंतीवर नकाशा चिकटवला. पंधरा यंदा, पंधरा पुढच्या वर्षी. सासू हेझल म्हणाली, मलाही न्या, मेल्यावर काय बघणार आहे? तिच्या डोळ्यांना संध्याकाळनंतर दिसत नाही, म्हणून सगळे सामने दुपारचे निवडले. गाडीत चौथी आमची शेल्बी. नऊ वर्षांची. तिच्याआधीची तीन माझ्या पोटातच गेली. ही सदतिसाव्या वर्षी झाली, तीही डॉक्टरने आशा सोडल्यावर.

म्हणून सांगते. मी काही उगाच आरडाओरडा करणारी बाई नाही. माझं एकच आहे.

२

मैदानावर मी खेळ नुसता बघत नाही, लिहिते. बापाने शिकवलं. मांडीवर वही, कानामागे पेन्सिल. दोन्ही संघांची नावं खाली खाली, एकेका खेळाडूची एक ओळ. मैदानात उभे राहणारे नऊ, त्यांना आकडे नऊ. चेंडू टाकणारा एक, त्याच्यासमोर बसून झेलणारा दोन, असं करत करत उजव्या टोकाला, भिंतीपाशी उभा असतो तो नऊ. तिथे आकडे संपतात. मधेच कोणी बदलला तर त्याच्या नावापुढे उभी रेघ मारायची आणि खाली नव्याचं नाव लिहायचं. रेघ मारली की जुना बाहेर, नवा आत. बापाच्या हाताखाली मी हे सात वर्षांची असताना शिकले आणि आजवर माझा एक चेंडू चुकलेला नाही. वेंडेल नाचो आणायला गेला की परत येऊन मलाच विचारतो, काय झालं.

पहिलं मैदान सिनसिनाटी. आमची तिकिटं पार वरच्या मजल्याची, स्वस्तातली. जिन्यापाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने हेझलचे गुडघे बघितले आणि म्हणाला, "एवढं कशाला चढताय? खाली भिंतीजवळ चार जागा रिकाम्या आहेत, बसा तिथे." मैदान गच्च भरलेलं, आणि उजव्या भिंतीला लागून चार खुर्च्या रिकाम्या. आम्ही खूश.

तिसरा डाव संपला. नऊही जण आत गेले. मी खाली मान घालून बेरीज करत होते. शेल्बीच्या मांडीवर धप्प आवाज झाला.

चेंडू होता. आत जाताना खेळाडू पोरांकडे चेंडू फेकतात, त्यात नवल नाही. पण ते चेंडू पांढरे असतात. हा काळपट होता, शिवण फुगलेली, आणि हाताला ओला लागत होता. तीन आठवडे तिथे पाऊस नव्हता.

"कोणी दिला गं?" हेझलने विचारलं.

"तो उभाय ना, त्याने."

मी बघितलं. मैदान रिकामं होतं.

३

पुढे शिकागो. तिथेही तिकिटं वरची, तिथेही कोणीतरी हेझलचे गुडघे बघितले, आणि तिथेही उजव्या भिंतीला चार खुर्च्या. शेल्बीला तसाच आणखी एक चेंडू मिळाला.

"नशीब आहे पोरीचं," वेंडेल म्हणाला. "मी चाळीस वर्षं जातोय, मला एक मिळाला नाही."

"तू काय केलंस?" मी विचारलं.

"काय केलं म्हणजे?"

"या जागा. दोनदा. कोणाला सांगून ठेवलंयस?"

"नेल्डा, मी बस चालवतो. मला इथे कोण ओळखतं?"

मी ऐकून घेतलं, पण मानलं नाही. वेंडेल वाईट नाही. पण न सांगता गोष्टी करतो आणि मग "तुला गंमत" म्हणतो. मी त्याच्याकडून पुढच्या तिकिटांची पाकिटं काढून घेतली आणि माझ्या पर्समध्ये ठेवली.

सेंट लुईसला पाकीट मी फोडलं. वरचा मजला, चौथी रांग. मी मुद्दाम पुढे चालले, हेझलला हात धरून चढवायला लागले. वीस पायऱ्या झाल्या आणि एक पोरगेला कामगार धावत आला. "आजी, अहो आजी, खाली या. चार जागा आहेत."

"आम्हाला नको," मी म्हणाले.

"तुला नको असतील," हेझल म्हणाली, "मला गुडघे आहेत." आणि वळली पण.

उन्हं अशी की खुर्चीचं लोखंड चटके देत होतं. मी त्या दिवशी लिहिता लिहिता मोजत होते. पाहुण्या संघाचे राखाडी कपड्यातले लोक मैदानात उतरले. एक, दोन, तीन... नऊ. बरोबर. पुन्हा मोजले. बरोबर. पाचव्या डावात फलंदाजाने उजवीकडे उंच चेंडू मारला, सगळं मैदान उभं राहिलं, नऊ नंबरवाला मागे मागे पळत आला. आणि त्याच्या मागे, भिंतीच्या बुडाशी, आणखी एक होता.

हात गुडघ्यांवर टेकून, वाकून, तयारीत उभा. कपडे राखाडी नाहीत, पांढरेही नाहीत, मातीच्या रंगाचे. धावणारा त्याच्यापासून हातभर अंतरावरून गेला आणि त्याने बघितलंसुद्धा नाही.

मैदानात उभा असलेला प्रत्येक माणूस फलंदाजाकडे तोंड करून असतो. खेळच तो आहे. हा आमच्याकडे तोंड करून उभा होता. चेंडू कुठे चाललाय याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

"वेंडेल. भिंतीपाशी बघ."

तो वाकला. "काय?"

"दहा आहेत."

"उन्हाने होतं," तो म्हणाला आणि सरबताचा पेला माझ्या कपाळाला लावला.

मी पुन्हा बघितलं तेव्हा नऊच होते. पण मी लिहिणारी बाई. जे बघितलं ते लिहायचं, ही बापाची शिस्त. वेंडेलला पुरावा दाखवायचा म्हणून मी पानाच्या तळाशी एक ओळ ओढली, आणि तिच्या सुरुवातीला दहा हा आकडा टाकला. नाव ठाऊक नव्हतं. जागा कोरी ठेवली.

शेल्बी वाकून बघत होती. "आई, तुलापण दिसला!" तिला इतका आनंद झाला की तिने मला मिठी मारली.

४

दुसऱ्या दिवशी मिसूरीतल्या रस्त्यावर मी तिला मागच्या सीटवर घेतलं.

"तो तुझ्याशी बोलतो?"

"नाही. ओरडतो, पण ऐकू येत नाही. लोक किती ओरडतात."

"मग तुला कसं कळलं ओरडतो?"

"तोंड उघडं असतं ना त्याचं." तिने सूर्यफुलाच्या बियांचं साल खिडकीतून थुंकलं. अर्धं काचेवर. "तो दमलाय, आई. त्याला बसायचंय. त्याला कोणी बदलतच नाही."

"हे तुला कोणी सांगितलं? बाबांनी?"

"आई, तू सगळं बाबांवर का टाकतेस?"

पुढून हेझल हसली. तिच्या कानाला ट्रान्झिस्टर लावलेला होता, तरी नको ते बरोबर ऐकते. "विचार, विचार. मीही पंचवीस वर्षं तेच विचारतेय."

"हेझल, तुम्ही सामना ऐका."

"ऐकतेय. तुमचा सामना जास्त चांगला चाललाय."

मी ते दोन्ही काळे चेंडू शोधले. पिशवीत नव्हते. सीटखाली नव्हते. शेल्बी म्हणाली, परत दिले. कधी? खांदे उडवले. मी वेंडेलला म्हणाले, गाडी वळव, घरी जाऊ. तो म्हणाला, कॅन्सस सिटी चार तासांवर आहे, आईने आयुष्यभर ते मैदान रेडिओवर ऐकलंय, आणि तुला एका चेंडूसाठी घरी जायचंय? दोन चेंडू, मी म्हणाले. तो हसला. सगळे हसले. शेल्बीसुद्धा.

तेव्हा मी पाय आपटायला हवे होते. स्टिअरिंग धरायला हवं होतं.

५

कॅन्सस सिटीला रविवार होता. रविवारी सामना संपल्यावर पोरांना मैदानात सोडतात. भिंतीतलं फाटक उघडतात, रांगेने आत घेतात, चौकोनाच्या चार कोपऱ्यांतल्या बेसांवरून पळवतात आणि दुसऱ्या टोकाने बाहेर काढतात. शेल्बी सकाळपासून बूट घालून बसली होती.

"तू नाही जायचं," मी सांगितलं.

"सगळी जातात!"

"सगळ्यांच्या आया वेगळ्या."

"जाऊ दे गं," हेझल म्हणाली. "दोन हजार पोरं असतात. एकट्या तुझ्याच पोरीला काय खाणार आहे कोणी?"

चार खुर्च्या. उजवी भिंत. मी आता विचारतही नव्हते. मी मांडीवर वही घेतली आणि शेल्बीच्या कमरेला बांधलेला पट्टा माझ्या मनगटाला अडकवला. वेंडेलने बघितलं आणि लाजेने मान फिरवली.

आठव्या डावात सामना असा चिघळला की सांगता सोय नाही. तीनही बेसांवर माणसं, चौथा बदललेला चेंडूफेक्या, मी रेघा मारतेय, नावं लिहितेय, घाम पानावर पडतोय. शेल्बी कानाशी.

"आई, लिही ना."

"काय?"

"माझं नाव. दहाच्या खाली. तो दमलाय."

"गप्प बस."

"नुसतं लिहायचंय! तू सगळ्यांची लिहितेस. आई. आई. आई."

माझं लक्ष फलंदाजावर होतं. तिचा गुडघा माझ्या कोपराला लागत होता. तिचं तोंड बंद व्हावं, एवढंच मला हवं होतं. त्या दिवशीही मी पानाच्या तळाशी दहाची ओळ ओढून ठेवली होतीच. मी डोळे मैदानावर ठेवूनच रेघ मारली आणि खाली लिहिलं: शेल्बी.

"झालं? आता बस."

"थँक्यू, आई," ती म्हणाली, आणि सामना संपेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

पट्टा कधी सुटला ते मला कळलं नाही. वेंडेल म्हणतो, तूच सोडलास, तूच म्हणालीस जा. फाटकावरची पिवळ्या टोपीवाली बाईही म्हणते, तुम्हीच पोरीला फाटकापर्यंत आणलंत, ताई, मी बघितलं. मी खुर्चीत बसून बेरीज करत होते. माझी बेरीज पूर्ण आहे, बघा पान.

शेल्बी रांगेतून आत गेली, बेसांवरून पळाली, दुसऱ्या टोकाने बाहेर आली. आमच्या समोर येऊन उभी राहिली. घाम नव्हता. धाप नव्हती.

"मजा आली?" वेंडेलने विचारलं.

"हो. थँक्यू, बाबा."

६

आमची शेल्बी गाडीत बसली की मला पुढे बसायचंय, एसी लागत नाही, आजीचा रेडिओ बंद करा, मला शू आली, अशी दर मैलाला एक तक्रार. दुसऱ्या दिवशी कॅन्ससचा तो सरळ रस्ता साडेचार तास चालला आणि मागून आवाज नाही. मी वळून बघितलं. ती सीटवर आडवी वळून बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. रस्त्याकडे नाही, खिडकीबाहेर नाही. मी पुन्हा वळले, पुन्हा बघत होती.

"बाळा, शू?"

"नाही. थँक्यू."

"पोरीला शेवटी वळण लागलं," हेझल म्हणाली, "तर आईचा चेहरा बघा. तिखट लागल्यासारखा."

पेट्रोल भरायला थांबलो. पंपाच्या पलीकडे गव्हाचं कापलेलं शेत. ती शेताच्या कडेला जाऊन उभी राहिली. शेताकडे पाठ, आमच्याकडे तोंड. हात गुडघ्यांवर, वाकून, तयारीत.

मी वेंडेलचा दंड धरला. "ती शेल्बी नाही."

"हळू बोल."

"तिच्या उभं राहण्याकडे बघ!"

"बेसबॉल बघून आलेली पोर आहे, नेल्डा! कशी उभी राहणार?" मग त्याने माझा चेहरा बघितला आणि आवाज खाली आणला. "तू जेवली नाहीस कालपासून."

हे सोमवारी दुपारचं. त्याच्या पुढच्या गावात डॉक्टर. बॅटरी. गोळ्या. मी गोळ्या जिभेखाली धरल्या आणि बाहेर थुंकल्या.

वहीतलं ते नाव मी खोडायला घेतलं. रबराने पान झिजलं, भोक पडलं. पण मी पेन्सिल दाबून लिहिते, शाळेपासूनची खोड. खालच्या पानावर, त्याच्या खालच्या पानावर, नाव उमटलेलं होतं. सगळी पानं फाडली असती तर वहीच उरली नसती.

दुसऱ्या दुपारी मोटेलच्या हौदावर बाकीची पोरं पाण्यात दंगा करत होती. ती काठावर उभी, पाण्याकडे पाठ करून, खोल्यांच्या दारांच्या रांगेकडे बघत. एकेक दार. डावीकडून उजवीकडे. मोजत असल्यासारखी.

७

डेन्व्हर, शनिवार. वेंडेल मला येऊ देत नव्हता, मी दारात आडवी पडेन म्हणाले, तेव्हा आणलं. चार खुर्च्या. भिंत. ती माझ्या शेजारी बसली, खुर्चीत उलटी गुडघ्यांवर, मैदानाकडे पाठ करून, वर भरलेल्या लोकांकडे बघत.

मी त्या दिवशी दहाची ओळ ओढली नाही. दोन डाव काही नाही. मला वाटलं, झालं, सुटलो.

तिसऱ्यात ढग सरकला आणि ऊन भिंतीच्या बुडाशी पडलं.

फार लहान होती. तिथे मोठी माणसं उभी राहतात म्हणून इतकी लहान दिसली असेल. मातीच्या रंगाचे कपडे, हातापेक्षा मोठा ग्लोव्ह, एक मोजा पार घोट्यापर्यंत घसरलेला. आमच्याकडे तोंड करून. तोंड उघडं. चाळीस हजार माणसं ओरडत होती आणि तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, उघडत होतं. आ. ई. मला ते ओठ कळतात. मी त्या पोरीला बोलायला शिकवलंय.

मी भिंतीवर पाय टाकला. पिवळ्या टोपीवालीने मागून कमरेला विळखा घातला. इथेही पिवळी टोपी. वेंडेल ओरडत होता. मी त्यांना बोट दाखवलं, बघा, बघा, आणि तिघांनी तिथे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर फक्त माझी कीव होती.

मग माझ्या शेजारची, जी विचारल्याशिवाय बोलत नाही, ती मैदानाकडे न बघताच म्हणाली:

"ती दमलीय."

८

आज रविवार. सामन्याला वीस मिनिटं आहेत. मी आज शांत आहे, केस विंचरलेत, वेंडेलची माफी मागितली, म्हणून त्याने आणलं. उद्याच्या बसचं माझं घरचं तिकीट त्याच्या खिशात आहे. वहीच्या मागच्या पानांवर हे लिहितेय, त्याला वाटतंय खेळाडूंची नावं उतरवतेय.

या आठवड्यात माझा सगळ्यांना दोष देऊन झाला. खुर्च्या वेंडेलने ठरवल्या म्हणून त्याला. हेझलच्या गुडघ्यांना. पिवळ्या टोपीला. त्या उभ्या असलेल्याला तर शिव्या घातल्या, पण तो नुसता दमला होता. लिहायला सांगितलं पोरीने, पण नऊ वर्षांची पोर काहीही सांगते. वही कोणाच्या मांडीवर होती? दहाची ओळ कोणी ओढली? पानाकडे न बघता रेघ कोणी मारली?

वेंडेल, हे वाचशील तेव्हा ऐक, एकदा तरी ऐक. सामना संपल्यावर फाटक उघडेल. आईला लहान पोरांबरोबर आत जाऊ देतात, मी विचारून आले. हिचा हात धरून मी आत जाणार. तू दुसऱ्या टोकाला उभा राहा, हलू नकोस, नाचो आणायला जाऊ नकोस.

बाहेर जी पोर येईल, तिने जर बूट चावतोय म्हणून भोकाड पसरलं, सरबत मागितलं, तुला लाथ घातली, तर तिला उचल. तिला काही विचारू नकोस. पुढे बसव, हेझलचा रेडिओ बंद कर, जे मागेल ते दे आणि थेट इंडियाना. परत कुठलं मैदान नाही.

आणि तिच्या मागून मीही आले, तर माझ्याशी भांडून बघ. माझ्या आईला नावं ठेव. मी उलट बोलले नाही, गोड हसून थँक्यू म्हणाले, तर मला गाडीत घेऊ नकोस. दारं लाव आणि निघ. मी मागे उभी राहून बघत राहीन, तू आरशात बघू नकोस.

लोक उभे राहिलेत, राष्ट्रगीत सुरू होतंय. दहाची ओळ ओढली आहे, तिच्यावर शेल्बीचं नाव लिहिलंय. शेल्बीच्या नावापुढे रेघ मारली, या वेळी नीट बघून मारली. खाली ज्याची चूक त्याचं नाव, पेन्सिल दाबून:

नेल्डा प्रुइट